पीएलसीच्या लेबलवरचा कोड कसा वाचायचा? दोन आकडे चुकले आणि माझे साडेसात हजार गेले



मागच्या व्हिडिओत मी दुकानातला एक पीएलसी हातात धरून त्याच्या लेबलकडे बोट दाखवलं होतं आणि म्हटलं होतं, "या धंद्यात नफा इथे लिहिलेला असतो." त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले. दादा, म्हणजे नक्की काय? व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून आज सविस्तर लिहितो. ज्यांना ऑटोमेशन स्पेअर्सचं दुकान टाकायचंय, किंवा आत्ता इलेक्ट्रिकलचं दुकान आहे आणि हळूहळू पीएलसी, सेन्सर, ड्राइव्ह ठेवायचा विचार आहे, त्यांनी हे शांतपणे वाचा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

दुकान सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मेंटेनन्स सुपरवायझरांचा फोन आला. सँड प्लांटचा पीएलसी गेला होता. सँड प्लांट बंद म्हणजे मोल्डिंग बंद, आणि मोल्डिंग बंद म्हणजे मागची सगळी लाइन बसून. साहेब म्हणाले, "शेठ, सीमेन्सचा बाराशे चौदा आहे. एसी सप्लाय, रिले आउटपुट. उद्या पाहिजे." व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला. फोटोत पुढचं मोठं नाव दिसत होतं: सीपीयू १२१४सी, एसी/डीसी/रिले.

मी चार ठिकाणी फोन केले. एका सरप्लस मालवाल्याकडे तोच सीपीयू १८,५०० रुपयांना मिळाला. नाव तेच, सप्लाय तोच, आउटपुट तेच. मी खुशीत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माल मागवला आणि सकाळी स्वतः नेऊन दिला. त्यांच्या प्रोग्रामरने लॅपटॉप जोडला, थोडा वेळ खटपट केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, हा एकतीस आहे. आपला चाळीस होता. बघितला नाहीत का?"

मी बघितला नव्हता. खरं सांगायचं तर बघायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

जुन्या पिढीच्या त्या सीपीयूमध्ये त्यांचा प्रोग्राम उतरेना. प्लांट आणखी एक दिवस बंद राहिला. बरोबर कोडचा सीपीयू मी पुण्याहून आणून मार्जिन न लावता दिला. सरप्लसवाल्याने परत घ्यायला नकार दिला आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी जे मागितलं तेच त्याने दिलं होतं. तो ३१ नंबर माझ्या रॅकवर १४ महिने पडून राहिला आणि शेवटी ११,००० ला गेला. साडेसात हजार गेले ते गेले, पण त्या फौंड्रीने पुढचे सहा महिने मला एक रिलेसुद्धा मागितला नाही. खरा तोटा तो होता.

बीबीएला आम्हाला इन्व्हेंटरी शिकवली होती. डेड स्टॉक कसा तयार होतो हे मात्र त्या दिवशी समजलं.

नाव सगळ्यांचं सारखं, कोड प्रत्येकाचा वेगळा

गिऱ्हाईक नाव सांगतं. "बाराशे चौदा द्या", "एफएक्स थ्री यू द्या", "ओमरॉनचा सेन्सर द्या." पण एकाच नावाखाली दहा-वीस वेगवेगळे प्रकार असतात. त्यातला नेमका कोणता, हे फक्त पूर्ण कोड सांगतो. तुम्ही माल कोडवर घ्यायचा, कोडवर विकायचा आणि स्टॉकच्या वहीत कोडच लिहायचा.

लेबलवर साधारण चार गोष्टी असतात.

१. मॉडेल नंबर किंवा ऑर्डर नंबर: वस्तू कोणती, सप्लाय काय, आउटपुट काय.
२. रिव्हिजन किंवा सिरीज: त्याच वस्तूत कंपनीने नंतर केलेले बदल.
३. फर्मवेअर: आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. काही मालावर छापलेली असते, काहींवर नसते.
४. सिरीयल नंबर: त्या एकाच नगाची ओळख. वॉरंटीसाठी लागतो. नवीन माल मागवायला याचा उपयोग नाही.

नवशिक्या माणसाची पहिली चूक ही, की तो फोटोत दिसेल तो सगळ्यात लांब नंबर उचलतो आणि सप्लायरला पाठवतो. तो बऱ्याचदा सिरीयल नंबर निघतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेबलवर हे कोड इंग्रजी अक्षरांत असतात. इथे मी आपण फोनवर बोलतो तसे लिहिलेत.

रिलेपासून शिका

पीएलसी महाग असतो, त्यामुळे सराव रिलेवर करा. ओमरॉनचा 'एमवाय४एन' घ्या. एमवाय ही सिरीज. ४ म्हणजे चार पोल. एन म्हणजे आत दिवा आहे, रिले ओढला की लागतो. पुढे 'डी२' आलं, म्हणजे 'एमवाय४एन-डी२', तर कॉइलला आतून डायोडही आहे.

या डायोडने काय फरक पडतो? डायोडवाल्या रिलेला प्लस-मायनस बरोबर लागतं. जुना साधा रिले काढून डायोडवाला बसवला आणि वायरी उलट्या असल्या, तर रिले ओढणार नाही आणि डायोडमधून सप्लाय शॉर्ट होईल. गिऱ्हाईक म्हणणार, "तुमचा रिले खराब." रिले चांगला असतो, कोड चुकलेला असतो.

कॉइलचं व्होल्टेज वेगळं छापलेलं असतं. २४ व्होल्ट डीसी आणि २४ व्होल्ट एसी यांचं अंग सारखंच दिसतं, त्यामुळे नुसतं "चोवीस व्होल्टचा" एवढ्यावर माल देऊ नका. पोल बदलले की बेसही बदलतो: दोन पोलच्या एमवाय२ ला ८ पिना, चार पोलच्या एमवाय४ ला १४.

सेन्सरमध्ये एक अक्षर

ओमरॉनचाच प्रॉक्सिमिटी सेन्सर बघा: 'ई२ई-एक्स५ई१'. एक्स५ म्हणजे ५ मिलिमीटरवरून धातू ओळखतो. पुढचं 'ई' म्हणजे एनपीएन आउटपुट. तिथे 'एफ' असेल तर पीएनपी. शेवटी १ असेल तर नॉर्मली ओपन, २ असेल तर नॉर्मली क्लोज्ड. म्हणजे ई१ च्या जागी एफ१ दिला, तर जो सेन्सर मायनस देत होता तो आता प्लस देणार आणि पीएलसीच्या इनपुटला तो समजेलच असं नाही. ई१ च्या जागी ई२ दिला, तर मशीनला वाटणार की समोर जॉब आहे, तेही नसताना.

आता मध्ये एक 'एम' घालून बघा: 'एक्स५एमई१'. अंतर तेच ५ मिलिमीटर, पण हा अनशिल्डेड प्रकार आहे आणि त्याचे आटे एम१२ चे आहेत. बिनएमचा एक्स५ येतो एम१८ च्या आट्यात. गिऱ्हाइकाच्या ब्रॅकेटच्या भोकात तुमचा सेन्सर एकतर जाणार नाही किंवा डगडगणार. एका अक्षराने साइज बदलली!

पीएलसी: तीन कंपन्या, तीन पद्धती

पीएलसीच्या कोडमध्ये तुम्हाला तीन उत्तरं शोधायची असतात. सप्लाय कोणता? इनपुट कोणतं? आउटपुट कोणतं? प्रत्येक कंपनी ही उत्तरं आपापल्या जागी लिहिते.

मित्सुबिशी: 'एफएक्स३यू-३२एमआर/ईएस'. ३२ म्हणजे एकूण पॉइंट, १६ इनपुट आणि १६ आउटपुट. एम म्हणजे मेन युनिट. आर म्हणजे रिले आउटपुट, त्या जागी टी असेल तर ट्रान्झिस्टर. ईएस म्हणजे एसी सप्लाय, डीएस असेल तर डीसी सप्लाय. आता गंमत बघा. '३२एमटी/ईएस' आणि '३२एमटी/ईएसएस', दोन्ही ट्रान्झिस्टर. पण एका एसचा सिंक आउटपुट, म्हणजे मायनस देणारा. दोन एसचा सोर्स, म्हणजे प्लस देणारा. पॅनेलचं वायरिंग एकासाठी केलेलं असेल तर दुसरा तसाच बसवून चालत नाही.

ॲलन ब्रॅडली: '१७६६-एल३२बीडब्ल्यूए'. हा मायक्रोलॉजिक्स १४००. एल३२ म्हणजे ३२ पॉइंट. शेवटच्या तीन अक्षरांत पहिलं इनपुटचं, दुसरं आउटपुटचं, तिसरं सप्लायचं. बी म्हणजे २४ व्होल्ट डीसी इनपुट, डब्ल्यू म्हणजे रिले आउटपुट, ए म्हणजे एसी सप्लाय. आणि कोड 'बीडब्ल्यूएए' असा दोन ए वर संपत असेल? तर त्यात ॲनालॉगही आहे, ४ इनपुट आणि २ आउटपुट. फोनवर दुसरा ए ऐकूच येत नाही. गिऱ्हाइकाला टेम्परेचर किंवा प्रेशर वाचायचं असेल तर एका ए मुळे सगळा व्यवहार फसतो.

सीमेन्स: '६ईएस७ २१४-१बीजी४०-०एक्सबी०'. पहिला तुकडा घराणं सांगतो. ६ईएस७ म्हणजे पीएलसी, ६एव्ही म्हणजे एचएमआय, ६ईपी म्हणजे पॉवर सप्लाय, ६एसएल म्हणजे ड्राइव्ह. २१४ म्हणजे १२१४ हा सीपीयू, १४ डिजिटल इनपुट आणि १० आउटपुट. पुढे १ नंतरचं अक्षर बघायचं: ए म्हणजे डीसी/डीसी/डीसी, बी म्हणजे एसी/डीसी/रिले, एच म्हणजे डीसी/डीसी/रिले. या तीन शब्दांचा क्रम सप्लाय, इनपुट, आउटपुट असा आहे. आणि त्यानंतरचा ४० म्हणजे पिढी. इथेच मी आपटलो होतो.

लक्षात आलं का? ॲलन ब्रॅडलीत सप्लाय शेवटी, सीमेन्समध्ये सप्लाय पहिला. ॲलन ब्रॅडलीत शेवटचा ए म्हणजे एसी, सीमेन्समध्ये तोच ए म्हणजे डीसी. म्हणून एका कंपनीची किल्ली दुसऱ्या कंपनीच्या कुलपाला लावू नका. प्रत्येक कंपनीच्या कॅटलॉगमध्ये कोड फोडून दाखवलेलं एक पान असतं. ज्या पाच सिरीज तुम्ही विकणार, त्यांची पाच पानं प्रिंट काढून काउंटरच्या आत चिकटवा. माझ्याकडे अजून आहेत, चहाचे डाग पडलेली.

रिले आणि ट्रान्झिस्टरमधला फरकही पाठ करा. रिले आउटपुट एसी आणि डीसी दोन्ही लोड चालवतो, पण हळू आहे आणि त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात. ट्रान्झिस्टर फक्त डीसीवर चालतो, पण वेगवान आहे, म्हणून स्टेपर किंवा सर्व्होला पल्स द्यायला तोच लागतो. जिथे २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर थेट आउटपुटवर आहे तिथे ट्रान्झिस्टरवाला दिलात, तर आउटपुट उडालाच समजा.

रिव्हिजन: बाहेरून तेच, आतून वेगळं

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. सीमेन्सच्या बाराशे सिरीजमध्ये ३० आणि ३१ या जुन्या पिढ्या, आणि ४० म्हणजे फर्मवेअर ४ ची पिढी. ३१ वर फर्मवेअर ४ चढवता येत नाही. फौंड्रीचा प्रोग्राम ४ साठी लिहिलेला होता, त्यामुळे माझा १८,५०० चा सीपीयू तिथे नुसता डबा ठरला.

उलटं चालतं का? म्हणजे मशीनवर ३१ आहे आणि तुमच्याकडे ४० आहे? चालू शकतं, पण आपोआप नाही. प्रोग्रामरला टीआयए पोर्टलमध्ये मूळ प्रोजेक्ट उघडून सीपीयू बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी पाहिजेत: प्रोजेक्टची सॉफ्ट कॉपी, आणि ४० ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे टीआयए पोर्टल १३ किंवा त्यापुढचं. मशीन देणारा माणूस कधीच निघून गेलाय आणि प्रोग्राम कुणाकडेच नाही, अशा कंपन्या आपल्याकडे कितीतरी आहेत. तिथे "नवीन मॉडेल आहे साहेब, जुन्यापेक्षा भारी" असं म्हणून माल गळ्यात मारू नका. आधी विचारा, "प्रोग्राम आहे का तुमच्याकडे?"

४० ला ४० दिला तरी एक पायरी उरते. त्या पिढीतही फर्मवेअर पुढे सरकत गेलंय. प्रोजेक्टमध्ये जे फर्मवेअर निवडलंय त्यापेक्षा जुनं फर्मवेअर असलेला सीपीयू दिला तर प्रोग्रामर अडतो. सरप्लस माल घेताना म्हणून फर्मवेअरही विचारायचं.

सगळ्या कंपन्या पिढी कोडमध्येच लिहीत नाहीत. ॲलन ब्रॅडलीत कॅटलॉग नंबर तोच राहतो आणि लेबलवर 'सिरीज'चं अक्षर बदलतं. मायक्रोलॉजिक्स १४०० सिरीज ए, बी आणि सी अशा तिन्हीत आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम करतानाही सिरीज निवडावी लागते. म्हणजे इथे नुसता कोड जुळून भागत नाही, सिरीजचा फोटोही पाहिजे. सीमेन्सच्या लेबलवर 'एफएस' आणि आकडा दिसतो. तो फंक्शनल स्टेट, म्हणजे त्याच ऑर्डर नंबरमध्ये झालेल्या हार्डवेअर बदलाची खूण. तोही टिपून ठेवा.

माझा साधा नियम: रिव्हिजन तीच असेल तर बिनधास्त द्या. रिव्हिजन नवी असेल तर प्रोग्रामरला विचारून द्या. रिव्हिजन जुनी असेल तर प्रोग्रामर हो म्हणेपर्यंत पैसे घेऊ नका आणि देऊही नका.

कोडमधली काही अक्षरं भाव बदलतात, तीही ओळखा. ॲलन ब्रॅडलीत शेवटी 'के' असेल तर बोर्डवर संरक्षक कोटिंग आहे. सीमेन्समध्ये ६ईएस७ च्या जागी ६एजी१ असेल तर तो सिप्लस, म्हणजे कठीण हवामानासाठीचा प्रकार. केमिकल प्लांटमध्ये असा माल असतो. तिथे साधा दिलात तर बसेल, चालेलही, पण कदाचित लवकर गंजेल. आणि साध्याच्या भावात सिप्लसचं कोटेशन दिलंत तर खिशातून भरावे लागतील.

दुकानात हे कसं राबवायचं

माझ्याकडे आता एक मुलगा काउंटरला आहे. त्याला मी पाच गोष्टी शिकवल्यात. तुम्हीही याच ठेवा.

पहिली, लेबलच्या फोटोशिवाय भाव सांगायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. "साहेब, कडेच्या लेबलचा एक फोटो टाका, दोन मिनिटांत सांगतो" असं गोड बोलायचं. लेबल पुसलं असेल तर प्रोग्रामरला विचारा. पीएलसी चालू होत असेल तर सॉफ्टवेअरमधून ऑर्डर नंबर आणि फर्मवेअर दोन्ही वाचता येतात.

दुसरी, फोनवर कोड घ्यायचाच असेल तर बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली असा घ्यायचा. बी, डी, पी, टी फोनवर सारखेच ऐकू येतात. शून्य आणि इंग्रजी ओ यांची हटकून गल्लत होते. घेतलेला कोड व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचा आणि त्यांचा "हो" आल्यावर पुढे जायचं.

तिसरी, कोटेशनवर पूर्ण कोड, रिव्हिजन आणि माल नवीन की वापरलेला हे लिहायचं. खाली एक ओळ छापून घ्या: "वरील कोड आपण दिलेल्या फोटोप्रमाणे आहे. ऑर्डरपूर्वी तपासून घ्यावा." भांडण झालं तर ही ओळ तुम्हाला वाचवते. त्याहून मोठा फायदा असा, की गिऱ्हाईक एकदा खरंच तपासतं.

चौथी, माल आल्यावर खोका बघून रॅकवर टाकायचा नाही. खोक्यावरचा कोड आणि आतल्या वस्तूवरचा कोड जुळवायचा. सरप्लस मालात खोका एक आणि माल दुसरा असं होतं. लेबल खरवडलेलं किंवा नव्याने चिकटवलेलं वाटलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

पाचवी, स्टॉकच्या वहीत पिढीचा वेगळा रकाना ठेवायचा. एखादं मॉडेल बंद होणार असं कंपनीने जाहीर केलं की तो माल दोन दिशांना जातो. ज्यांच्याकडे जुनी मशीन आहेत त्यांना तो जास्त हवा असतो, नवीन पॅनेल बनवणाऱ्यांना नको असतो. तुमच्या भागात जुनी मशीन किती आहेत हे माहीत असेल तरच असा माल धरून ठेवा. नाहीतर माझ्यासारखे १४ महिने त्याच्यावरची धूळ पुसत बसाल.

शेवटी एवढंच

तुम्हाला वाटत असेल, आपण काही इंजिनीअर नाही, मग हे जमणार कसं? मीही नाही. मला आजही पीएलसीचा प्रोग्राम लिहिता येत नाही. पण लेबल वाचता येतं, आणि कुठे थांबून प्रोग्रामरला विचारायचं तेही कळतं. मोठ्या डीलरकडे माल जास्त असतो, भावही चांगला असतो. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक येतं ते "हा माणूस चुकीचा माल देणार नाही" या भरवशावर.

त्या फौंड्रीचे साहेब सहा महिन्यांनी परत आले. पहिली ऑर्डर होती दोन सेन्सरची, जेमतेम दीड हजाराची. मी फोटो मागितला, कोड लिहून पाठवला आणि विचारलं, "साहेब, यात एम आहे, तुमचे आटे एम१२ चेच ना?" पलीकडून हसल्याचा आवाज आला. "आता शिकलात शेठ," म्हणाले.

आजचा गृहपाठ: जवळच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, परवानगी घेऊन एका पॅनेलमधल्या तीन वस्तूंच्या लेबलांचे फोटो काढा आणि कॅटलॉग समोर ठेवून कोड वहीत फोडून लिहा. पॅनेल चालू असेल तर हात आत घालायचा नाही, फोटो बाहेरूनच. तीन कोड स्वतः फोडलेत की चौथ्याला भीती वाटत नाही.

पुढच्या व्हिडिओत ड्राइव्हचा कोड घेऊ. वही घेऊन बसा. भेटू!